अर्ज विजेटचा, मंजुरी दुसऱ्याचीच

या खेपेला आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच तक्रारीची निघाली: ‘मी आकार दिला, तो लागूच होत नाही.’ टूलकिट, म्हणजे प्रोग्रॅमला विंडो आणि बटणं पुरवणारी साधनं, वेगवेगळी, वैताग एकच. म्हणून हे सदर यंदा सगळं आकारांनाच दिलंय. पत्रं मी कापली आहेत. कुणीकुणी पानभर कोड पाठवला होता, तो छापून उपयोग नव्हता. दुखणं दोन-तीन ओळींत सापडत होतं.

प्रश्न: पायथनमध्ये टीकिंटर शिकते आहे. विंडो स्क्रीनच्या मधोमध उघडावी म्हणून मी तिची रुंदी विनफो_विड्थ() ने विचारते. उत्तर येतं १. उंचीही १. प्रत्यक्षात विंडो चांगली मोठी दिसते. हा १ येतो कुठून? (दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी)

तुम्ही फार लवकर विचारताय. पॅक() किंवा ग्रिड() लिहिलं की विजेट (बटण, लेबल असा विंडोतला कुठलाही भाग) त्या क्षणी जागेवर बसतं असं वाटतं, पण तसं होत नाही. टीके, म्हणजे टीकिंटरच्या खालचं मूळ टूलकिट, फक्त नोंद करून ठेवतं की ‘या फ्रेममध्ये (विजेट ठेवायच्या चौकटीत) नवीन कुणीतरी आलंय, मापं पुन्हा काढायची आहेत’. आणि ते काम हातातली बाकीची कामं संपेपर्यंत ढकलतं. यात आळस नाही, हिशेब आहे. समजा तुम्ही एकामागून एक पन्नास विजेट टाकली आणि प्रत्येक वेळी सगळी मांडणी नव्याने मोजली, तर एकोणपन्नास वेळची मेहनत पाण्यात गेली. म्हणून सगळं टाकून झाल्यावर एकदाच मोजायचं. तोपर्यंत रुंदी विचारणाऱ्याला १ मिळतो, म्हणजे ‘अजून ठरलेलं नाही’.

उपाय असा: आधी रूट.विथड्रॉ() करून विंडो लपवा (रूट म्हणजे मुख्य विंडो). सगळी विजेट टाका. मग अपडेट_आयडलटास्क्स() बोलवा, म्हणजे ढकललेली मोजणी तिथल्या तिथे उरकते. आता विनफो_रेक्विड्थ() विचारा. हे ‘मला इतकी जागा हवी’ असं विंडोच्या आतल्या मजकुराचं मागणं आहे, आणि विंडो लपलेली असतानाही ते बरोबर मिळतं. त्यावरून जागा काढून जिऑमेट्री() ला ‘+४००+२००’ अशी द्या आणि शेवटी डीआयकॉनिफाय() ने विंडो दाखवा. लपवल्याशिवाय केलंत तर विंडो आधी कोपऱ्यात चमकते आणि मग मधोमध उडी मारते. ते फार गबाळं दिसतं.

अपडेट_आयडलटास्क्स() च्या जागी नुसतं अपडेट() वापरायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका. अपडेट() माउस आणि कीबोर्डच्या घटनाही उरकून घेतं. विंडो अर्धवट बांधलेली असताना वापरणाऱ्याने बटण दाबलं, तर तुमचं फंक्शन नको त्या वेळी चालू होईल.

आणखी एक. विंडोचा आकार बदलला की कळावं म्हणून रूटवर ‘कॉन्फिगर’ घटना बांधाल, तेव्हा हँडलर, म्हणजे घटना घडली की चालणारं तुमचं फंक्शन, भसाभस चालताना दिसेल. आतल्या प्रत्येक विजेटची कॉन्फिगर घटनासुद्धा रूटच्या हँडलरपर्यंत पोचते. हँडलरच्या पहिल्याच ओळीत इव्हेंट.विजेट खुद्द रूट आहे का ते तपासा, नसेल तर परत फिरा.

लिनक्सवर दोन मॉनिटर जोडले असतील तर विनफो_स्क्रीनविड्थ() दोन्हींची मिळून रुंदी सांगू शकतं. तेव्हा ‘मधोमध’ म्हणजे दोन मॉनिटरच्या बरोबर फटीवर.

प्रश्न: टीकिंटरमध्येच फ्रेमला विड्थ ३००, हाइट २०० दिली. रिकामी असताना ठीक. आत एक बटण पॅक केलं की फ्रेम आक्रसून बटणाएवढी होते. मग विड्थ हा पर्याय दिलाय कशाला?

फ्रेमची विड्थ हा नुसता अर्ज आहे. आत मूल, म्हणजे दुसरं विजेट, आलं की टीके फ्रेमचा जुना अर्ज बाजूला ठेवतं आणि मुलांना लागेल तेवढ्या जागेचा नवा अर्ज वरच्या पालकाकडे पाठवतं. पालक आपल्या सगळ्या मुलांची बेरीज करून तो आणखी वर पाठवतो, असं करत विंडोपर्यंत. मग मंजूर झालेली जागा वरून खाली वाटली जाते. कमी-जास्त फरकाने हीच रीत जीटीके, क्यूटी, जावाचं स्विंग या टूलकिटांत आणि अँड्रॉइडमध्येही सापडेल. मागणी खालून वर जाते, जागा वरून खाली येते. खालची सगळी पत्रं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

फ्रेमने मुलांचं ऐकू नये असं वाटत असेल तर पॅक_प्रोपगेट(फॉल्स) आहे. आत ग्रिड वापरला असेल तर ग्रिड_प्रोपगेट. मग फ्रेम ३०० बाय २०० राहील. पण उद्या बटणावरचा मजकूर वाढला, कुणी फॉन्ट मोठा केला, तर तो कापला जाईल आणि ती जबाबदारी तुमची. मी ही सोय क्वचित वापरते.

विंडोचीही एक गंमत सांगते. जिऑमेट्री(‘४००x३००’) एकदा म्हटलंत, किंवा वापरणाऱ्याने कडा धरून विंडो ओढली, की त्यानंतर विंडो आतल्या मजकुराचं ऐकत नाही. नवीन विजेट टाकलं तरी ती आपोआप वाढणार नाही. पुन्हा ऐकायला लावायचं तर जिऑमेट्री() ला रिकामी स्ट्रिंग द्या.

प्रश्न: बटणाला विड्थ=२० दिलं तर ते बरंच रुंद येतं, कॅनव्हासला विड्थ=२० दिलं तर ठिपक्याएवढा. का?

बटणावर मजकूर असेल तर २० म्हणजे वीस अक्षरं, आणि अक्षर म्हणजे त्या फॉन्टमधल्या ‘0’ या इंग्रजी शून्याची रुंदी. बटणावर चित्र असेल तर तेच २० पिक्सेल होतात. कॅनव्हास, म्हणजे चित्रं काढायची जागा, नेहमी पिक्सेलमध्ये. टेक्स्ट विजेटची हाइट ओळींमध्ये. एकाच नावाच्या पर्यायाला इतके अर्थ देणं मला कधीच पटलं नाही, पण आता ते आहे तसं आहे.

प्रश्न: क्यूटीमध्ये व्हर्टिकल लेआउटमधल्या बटणाला रिसाइझ(२००, ४०) सांगतो, काहीच होत नाही. सेटफिक्स्डसाइझ() वापरलं तर होतं. मग सगळीकडे तेच वापरू का? (नोकरीच्या पहिल्या वर्षातला प्रोग्रॅमर)

नका वापरू. लेआउट म्हणजे विजेटांची मांडणी सांभाळणारा भाग; त्यात गेलेल्या विजेटचा आकार लेआउटच्या मालकीचा. तुमचं रिसाइझ() लागू होतंही, पण पुढच्या मांडणीत लेआउट ते पुसून टाकतं. लेआउट प्रत्येक विजेटला तीन गोष्टी विचारतं: साइझहिंट(), म्हणजे किती जागा मिळाली तर बरं, मिनिममसाइझहिंट(), म्हणजे किमान किती, आणि साइझ पॉलिसी, म्हणजे जास्त मिळाली किंवा कमी पडली तर तुझी तयारी काय.

पॉलिसीची नावं मात्र माणसाला फसवतात. ‘मिनिमम’ पॉलिसी म्हणजे विजेट लहान राहील असं नाही. साइझहिंट हेच किमान माप, त्याखाली जाणार नाही, वर वाढायला तयार. ‘मॅक्सिमम’ म्हणजे साइझहिंट हेच कमाल माप. ‘प्रिफर्ड’ दोन्हीकडे तयार, पण हावरं नाही. ‘एक्स्पांडिंग’ मिळेल तेवढी जागा मागतं. ‘इग्नोर्ड’ साइझहिंटकडे बघतच नाही. आता तुमचं बटण बघा. साध्या क्यूपुशबटणाची पॉलिसी आडवी ‘मिनिमम’, उभी ‘फिक्स्ड’. म्हणून व्हर्टिकल लेआउटमध्ये ते या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलं जातं, उंची मात्र वाढत नाही. ताणायला नको असेल तर आडवी पॉलिसीही ‘फिक्स्ड’ करा, किंवा बटण लेआउटमध्ये टाकताना अलाइनमेंट द्या, किंवा ते एका हॉरिझाँटल लेआउटमध्ये ठेवून शेजारी अ‍ॅडस्ट्रेच() ने ताणली जाणारी रिकामी जागा टाका. मला तिसरा मार्ग आवडतो, कारण पुढे दुसरं बटण आलं तर त्याला जागा तयार असते.

स्ट्रेचबद्दलही, म्हणजे जागा वाटण्याच्या प्रमाणाबद्दलही, लोकांचा घोळ होतो. दोन विजेटना १ आणि २ स्ट्रेच दिला म्हणजे नेमकी एकास दोन रुंदी मिळेलच असं नाही. कुणाचं किमान माप आड आलं तर आधी ते पाळलं जातं.

सेटफिक्स्डसाइझ() किमान आणि कमाल दोन्ही मापं एकाच आकड्यावर ठोकतं. मागे यायचं तर किमान शून्य आणि कमाल १६७७७२१५ करावी लागते. क्यूटीच्या लेखी ‘काही मर्यादा नाही’ याचा आकडा तोच, नाव क्यूविजेटसाइझ_मॅक्स. पिक्सेलमध्ये ठोकलेलं माप तुमच्या मशीनवर, तुमच्या फॉन्टमध्ये, तुमच्या भाषेतच बरोबर बसतं. जर्मन भाषांतर आलं की शब्द लांबतात. देवनागरी आली की उंची वाढते: वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. इंग्रजी मजकुरासाठी २० पिक्सेल ठोकलेल्या लेबलात ‘पूर्वी’ सारखं काही लिहून बघा. वरचा रफार छाटला जाईल नाहीतर खालचा ऊकार. साइझहिंट फॉन्टकडे विचारून माप काढतो, त्याला हे आपोआप कळतं.

प्रश्न: आलेख काढणारं विजेट स्वतः लिहिलं. स्वतंत्र विंडो म्हणून छान दिसतं. लेआउटमध्ये टाकलं की नाहीसं होतं.

नाहीसं झालेलं नाही, त्याला जागाच मिळाली नाही. क्यूविजेटचा मुळातला साइझहिंट() ‘माहीत नाही’ असं उत्तर देतो, म्हणजे उणे १, उणे १. शेजारी एक्स्पांडिंग पॉलिसीचा टेक्स्ट एडिटर असेल तर सगळी जागा तो घेणार. तुमच्या क्लासमध्ये साइझहिंट() आणि मिनिममसाइझहिंट() दोन्ही लिहा, आणि पॉलिसी एक्स्पांडिंग करा. माहिती बदलल्यावर हवं असलेलं माप बदलत असेल तर अपडेटजिऑमेट्री() बोलवा; नाहीतर लेआउटला कळायला मार्ग नाही. जीटीके ४ मध्ये हेच काम मेझर() मध्ये करायचं असतं.

प्रश्न: खाली स्टेटस लेबलमध्ये उघडलेल्या फाइलचा मार्ग दाखवतो. मार्ग लांब असला की सगळी विंडो आपोआप रुंद होते. मग छोट्या मार्गाची फाइल उघडली तरी विंडो परत लहान होत नाही. क्यूटीतही हेच झालं, जीटीकेतही.

हे पत्र मला फार आवडलं, कारण यात सगळी साखळी एका जागी दिसते. एका ओळीच्या लेबलची किमान रुंदी म्हणजे त्याचा सगळा मजकूर. मजकूर लांबला की लेबलची किमान मागणी वाढते, ती लेआउटमधून विंडोपर्यंत जाते, आणि विंडोला आपल्या आतल्या किमान मापाखाली राहता येत नाही म्हणून ती पसरते. मजकूर आखूड झाल्यावर किमान माप उतरतं. पण विंडो किमान मापाहून मोठी असण्यात काहीच गैर नाही, तेव्हा ती आहे तशीच बसून राहते. वाढणं सक्तीचं होतं, आकसणं सक्तीचं नाही.

म्हणून विंडोच्या मागे लागू नका, लेबलची किमान मागणीच कमी करा. जीटीकेमध्ये लेबलला एलिप्साइझ लावा, म्हणजे मजकूर मावला नाही तर तीन टिंबं येतील आणि किमान रुंदी अगदी थोडी उरेल. नेहमीची रुंदी बरी राहावी म्हणून विड्थ-चार्स आणि मॅक्स-विड्थ-चार्स आहेत. क्यूटीच्या लेबलात ही सोय तयार नाही; आडवी पॉलिसी इग्नोर्ड करा आणि रिसाइझइव्हेंट() मध्ये क्यूफॉन्टमेट्रिक्सच्या एलायडेडटेक्स्ट() ने मजकूर कापून घ्या. टिंबं मधोमध टाका. फाइलच्या मार्गात कामाचं नाव शेवटी असतं, आणि शेवटच कापलात तर वापरणाऱ्याला ‘होम’पासूनचे चार फोल्डर दिसतील, फाइल दिसणार नाही. पूर्ण मार्ग टूलटिपमध्ये द्या.

प्रश्न: लेबलचा मजकूर अनेक ओळींत मोडला की उंचीचा हिशेब चुकतो. शिवाय स्क्रोलबार कधी कधी लुकलुकतो: येतो, जातो, येतो. हे दोन्ही एकाच कारणाने होतं का?

हो, जवळजवळ एकाच. ओळी मोडणाऱ्या मजकुराला स्वतःची अशी उंची नसते. रुंदी किती ते कळल्याशिवाय उंची सांगता येत नाही. जीटीके २ मध्ये विजेट एकच रुंदी-उंची मागायचं, त्यामुळे अशा लेबलचे हाल होते. २०११ मध्ये आलेल्या जीटीके ३ ने दोन बदल केले: प्रत्येक विजेट किमान आणि स्वाभाविक अशी दोन मापं सांगू लागलं, आणि ‘इतकी रुंदी दिली तर उंची किती’ असं विचारायची सोय झाली. जीटीके ४ मध्ये हे सगळं मेझर() या एका फंक्शनमध्ये आलं. त्याला दिशा द्यायची आणि दुसऱ्या दिशेचं माप द्यायचं, ते माहीत नसेल तर उणे १. क्यूटीत यासाठी हॅजहाइटफॉरविड्थ() आणि हाइटफॉरविड्थ() आहेत. स्वतःचं विजेट लिहीत असाल तर साइझ पॉलिसीवर सेटहाइटफॉरविड्थ(ट्रू) करा.

आता स्क्रोलबार. मजकूर जागेत एका ओळीने मावत नाही, म्हणून स्क्रोलबार येतो. त्याने थोडी रुंदी खाल्ली, मजकूर आणखी एका ओळीने वाढला. इथवर काही बिघडत नाही. पण आतलं विजेट चित्र असेल, रुंदीच्या प्रमाणात उंची ठेवणारं, तर उलटं होतं: रुंदी घटली म्हणून उंचीही घटली, आता सगळं मावतं, स्क्रोलबार गेला, रुंदी वाढली, उंची वाढली, मावेना, स्क्रोलबार आला. याला शेवट नाही, कारण दोन्ही स्थिती आपापल्या जागी चूक आहेत. टूलकिट कितीही चांगलं असलं तरी हा पेच तुम्हालाच सोडवावा लागतो. स्क्रोलबार कायम दाखवा, किंवा त्याची जागा कायम राखून ठेवा. वेबवर सीएसएसमध्ये ‘स्क्रोलबार-गटर: स्टेबल’ त्यासाठीच आहे.

प्रश्न: विंडोजवर सी मध्ये क्रिएटविंडो() ला ८०० बाय ६०० दिले. चित्र ८०० बाय ६०० चं आहे, तरी उजवीकडून आणि खालून कापलं जातं.

तो आकार कडा आणि टायटलबार धरून असतो. आतली जागा, म्हणजे क्लायंट एरिया, त्याहून लहान. आधी आतला हवा तेवढा आयत घ्या, अ‍ॅडजस्टविंडोरेक्टएक्स() ला द्या, आणि तो जो मोठा आयत परत देईल त्याची रुंदी-उंची क्रिएटविंडो() ला द्या. मेनू लांब होऊन दोन ओळींत गेला तर हे फंक्शन तो धरत नाही, स्क्रोलबारही धरत नाही.

स्केलिंग १५० टक्के असलेल्या स्क्रीनवर कडा आणि टायटलबारही जाड होतात. विंडोज ९६ डीपीआयला (इंचामागे ९६ ठिपक्यांना) १०० टक्के मानतं, म्हणजे १५० टक्क्यांना १४४. तिथे अ‍ॅडजस्टविंडोरेक्टएक्सफॉरडीपीआय() वापरा, विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून आहे. विंडो एका मॉनिटरवरून वेगळ्या स्केलिंगच्या मॉनिटरवर ओढली की डब्ल्यूएम_डीपीआयचेंज्ड हा संदेश येतो आणि सोबत सुचवलेला आयतही येतो. तोच वापरा, स्वतःचा हिशेब मांडत बसू नका. विंडो फार लहान करता येऊ नये असं वाटत असेल तर डब्ल्यूएम_गेटमिनमॅक्सइन्फो मध्ये किमान माप भरा; लक्षात घ्या, तेही कडांसकट असतं.

प्रश्न: लिनक्सवर माझा प्रोग्रॅम बंद करताना विंडोची जागा आणि आकार लिहून ठेवतो, पुढच्या वेळी तसाच उघडतो. वेलँडवर आकार जमतो, जागा जमत नाही.

जमणारही नाही. वेलँड ही लिनक्सवर विंडो दाखवण्याची नवी पद्धत. तिच्या नेहमीच्या एक्सडीजी-शेल या नियमावलीत प्रोग्रॅमला आपली विंडो स्क्रीनवर कुठे आहे हे विचारताही येत नाही आणि ठरवताही येत नाही. ते काम कंपोझिटरचं, म्हणजे सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणाऱ्या प्रोग्रॅमचं. आकाराचंही तसंच: कंपोझिटर कॉन्फिगर संदेशात रुंदी-उंची सुचवतो, आणि शून्य आले तर ‘तूच ठरव’ असा अर्थ. एक्स११ या जुन्या पद्धतीत जागा मागता येते, पण तिथेही विंडो मॅनेजरची मर्जी. फरशांसारख्या विंडो लावणारा मॅनेजर असेल तर तुमच्या ८०० बाय ६०० ला तो विचारणारही नाही.

लिहून ठेवताना विंडो मॅक्सिमाइझ केलेली असेल तर तो मोठा आकार जपू नका. मोठं करण्याआधीचा आकार आणि ‘मॅक्सिमाइझ होती’ ही खूण, अशा दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. क्यूटीचं सेव्हजिऑमेट्री() हे आपोआप करतं. इतरत्र स्वतः करावं लागतं. आणि एक्स११ किंवा विंडोजवर जुनी जागा परत लावण्याआधी तो मॉनिटर अजून जोडलेला आहे का तेही बघा. नाहीतर विंडो उघडते, टास्कबारवर दिसते, आणि स्क्रीनवर कुठेच नसते.